उजव्या कानातलं बोट

शेवटचं एकत्र म्हणजे आम्ही तिघांनी गाडीत बसून चहा प्यायला. मी, माझी बायको आणि तो बालीगंजचा बंगाली टेपवाला. हिला फक्त डाव्या कानाने ऐकू यायचं. गाडीतल्या कंपनीच्या टेपवर गाण्याचे शब्द कळेनात, म्हणून त्याने नवे स्पीकर बसवले. मला दादा म्हणायचा, हिला बौदी, म्हणजे वहिनी. गिऱ्हाईक ऐकेल तसंच ऐकायची त्याची खोड होती. हिच्या जागेवर बसायचा, उजव्या कानात बोट खुपसायचा आणि डोळे मिटायचा.

"डाव्या दारातला स्पीकर खरखरतोय, दादा. उद्या सकाळी येतो."

"मला नाही ऐकू येत," मी म्हणालो.

"दोन कान असून बहिरे," ही म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही. रात्रीच तिला पोचवून आलो.

सकाळी तो हत्यारं घेऊन दारात उभा. म्हटलं, "बौदी गेली. राहू दे काम. आता ऐकणार कोण? मला काय करायचेत शब्द?"

तो चावी घेऊन खाली गेला. बऱ्याच वेळाने मी उतरलो, तर टेप हळू चालू होता आणि तो हिच्या जागेवर, उजव्या कानात बोट घालून बसलेला. खरखर गेली होती.

"झालं ना? ऊठ आता," मी म्हणालो.

त्याने बोट काढलं नाही.