टँकरची वाट बघताना पाहिलेले विनोदी सिनेमे

“अगं, ही तर अगदी आपल्या कोपऱ्यावालीसारखीच बोलते!” समोरच्या काकू शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाल्या आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या.

टीव्हीवर एक मोलकरीण बकरी ओढत मालकिणीच्या हॉलमध्ये शिरली होती आणि “व्हय बाई, नाय बाई” करत होती. कोपऱ्यावाली म्हणजे माझी आई. घर आमचं, टीव्ही आमचा, आणि त्या वेळी आई मागे स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. पण ट्रेमधले कप जरासुद्धा वाजले नाहीत. एरवी ते वाजतात. तिथंच मला शंका आली.

आमची कॉलनी शहराबाहेर, चिकलठाण्याच्या पुढे, ज्वारीच्या रानात नव्यानं आखलेली. घरं उभी राहिली, रस्त्याला पाटी लागली, नळाची लाइन मात्र आली नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं तेव्हा बोअरही आटले. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, कधी पाचला, कधी सातला. जालना रोडवरून आत वळणारा टँकर फक्त आमच्या खिडकीतून दिसायचा. म्हणून गल्लीतल्या निम्म्या बायका दारासमोर ड्रम मांडून आमच्याकडे येऊन बसायच्या. नुसतं किती वेळ बसणार, म्हणून सिनेमा. पेन ड्राइव्ह समोरच्या काकूंचा आणि नियमही त्यांचाच, की सिनेमा विनोदीच हवा. “रडायला पाणी लागतं, ते कुठंय?” असं त्या म्हणायच्या. त्यांचा हा एक विनोद मला मनापासून आवडला होता.

टँकर दिसला की आई बाकीच्या घरांसाठी खिडकीतून हाक मारायची, “आलं गं बायांनो, आलं! लई येळ नाय थांबायचा त्यो, पळा!” आई बिडकीनकडच्या खेड्यातली. तिच्या वडिलांची मेंढरं होती, त्यामुळे ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज तिला लहानपणापासूनच. गल्लीच्या शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. ती सिनेमाला येत नसे, तिच्याकडे फोनही नव्हता. आईच्या हाकेवरच ती काठी टेकत ड्रमापाशी यायची.

विनोदी सिनेमांबद्दल माझं मत तेव्हापासून जरा वाकडंच आहे. मी इंग्लिश मीडियमची, मराठी विनोद मला अर्धा क्षण उशिरा कळतो. तेवढ्या वेळात मी इतरांचे चेहरे बघते. त्या संध्याकाळनंतर मी मोजायला लागले. आमच्या आजोळच्यासारखं बोलणारं माणूस पडद्यावर आलं की ते एक तर वॉचमन असतं, नाहीतर नवरीची वेंधळी आत्या. हिरो कधी तसं बोलत नाही. त्या वॉचमननं तोंड उघडण्याआधीच हॉलमध्ये हसू तयार असतं. मला पडापडीचे विनोद आवडतात. केळीच्या सालीवरून घसरणारा माणूस कुठल्या गावचा, हे कुणी विचारत नाही.

पुढच्या टँकरच्या दिवशी आईनं हाक मारली नाही. चप्पल घालून दारोदार सांगत गेली. शेवटच्या घरापर्यंत पोचेतो टँकरवाल्यानं पाइप गुंडाळायला घेतला होता. म्हातारीला अर्धा ड्रम मिळाला. “आज हाक नाही मारली?” काकूंनी विचारलं. “घसा बसला आहे,” आई म्हणाली.

घसा ठणठणीत होता. आणि आमच्या घरात आई “आहे” म्हणत नाही.

मी काकूंवर बारीक लक्ष ठेवायला लागले. त्यांनी आणलेला प्रत्येक सिनेमा मला मुद्दाम निवडल्यासारखा वाटायचा. तसं काही नसेलही. त्या आईचं पिठलं मागून खायच्या, तिचा ड्रम उचलायला हात लावायच्या. पण बायका हसल्या की आईसुद्धा हसायची, पडद्याकडे न बघता, त्यांच्याकडे बघून, मान हलवत. ते हसू मी आधी कुठं तरी पाहिलं होतं. कुठं, ते आठवायला मला दोन दिवस लागले.

मी सहावीत होते. शाळेत पालकांची मीटिंग होती. गेटपाशी मी आईला म्हटलं होतं, “तू काही बोलू नकोस हं, नुसती मान हलव.” टीचर बोलत राहिल्या आणि आई अशीच हसून मान हलवत राहिली. त्यानंतर ती शाळेत आली नाही. पप्पा कंपनीतून अर्धी रजा टाकून यायचे. काकूंनी तर फक्त कानात सांगितलं होतं. मी तोंडावर सांगितलं होतं.

त्यानंतरच्या टँकरला सिनेमात कुणी तरी कपाटात लपलं होतं आणि सगळ्या हसत होत्या. खिडकीशी उभ्या आईनं मला खूण केली. टँकर वळला होता. “गल्लीच्या ग्रुपवर टाक,” ती हळूच म्हणाली.

“शेवटच्या घरातल्या आजींकडे फोन नाही,” मी म्हटलं.

ती चप्पल शोधायला लागली.

वर्गात हजेरी देतानासुद्धा मला दोनदा बोलावं लागायचं, इतका माझा आवाज लहान. खिडकीची काच सरकवली तेव्हा गज गरम होते. मागे काकू म्हणाल्या, “अगं, धूळ येईल आत.” आईच्या हातात एक चप्पल होती. मी गजाला तोंड लावलं.

“आलं गं बायांनो, आलं! लई येळ नाय थांबायचा त्यो, पळा!”