करडाचं बारसं

गडकरीण कड्याच्या टोकाशी कधी उभी राहिली नाही. पोटावर पालथी पडून खाली बघायची. आमच्या गावामागच्या किल्ल्यावर ती शेळ्या चारायची, ताक विकायची. म्हणून तिचं हे नाव. फोटो काढायला टोकाशी गेलेल्यांना ओरडायची, "आडवं व्हा आधी! मेल्या माणसाला मी ताक इकत न्हाय."

कड्यावरच्या छिन्नीच्या खुणा ती हौसेने दाखवायची. शत्रू चढेल तिथे जुन्या लोकांनी खडक तासून सरळ केला, हे अगदी स्वतःच्या आजोबांनी केल्यासारखं सांगायची.

माझे तेव्हा ट्रक होते. गावातल्याच एका वाडीमागच्या डोंगराचा पायथा कापून मी मुरूम नेला. लोकांना मागे अंगण मिळालं, सगळे खूश. मी तिला म्हणालो, "बघ, गडासारखाच तासलाय."

"वर काळा दगड हाय, बाबा. ही माती. तिला बसू दे, उभी करू नको."

"तू ताक घुसळ," मी म्हणालो.

त्या श्रावणात पाऊस थांबेना. कापलेल्या मातीच्या वर तिला भेगा दिसल्या. घरं सोडा म्हटलं असतं तर कुणी हललं नसतं. तिने दारोदार आवतण दिलं, "शेळीला करडू झालंय. शाळेत बारसं हाय, समद्यांनी जेवायला या." मला म्हणाली, "म्हाताऱ्यांसाठी ट्रक धाड. एवढं तरी ऐक."

लोक हसत गेले. मी शेवटच्या फेरीत पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती आणि करडू टोपलीत बें-बें करत होतं. भात वाढत असतानाच डोंगर खाली आला. घरं गेली, माणूस एकही गेलं नाही.

पेपरात आलं, ट्रकमालकामुळे वाडी वाचली. तालुक्याला माझा सत्कार झाला. मी मान पुढे केली.

गडकरीण एवढंच म्हणाली, "तुझा हार तुला. डोंगराला उतार दे."

तो दिला. टप्पे पाडले, बांबू लावला. वाडी शाळेजवळ नव्याने वसली. दोन्ही कामं बघूनच गडकरीण गेली.

परवा ग्रामसभेत उभा राहून मी सगळं सांगितलं. माती कुणी कापली, माणसं कुणी वाचवली, सगळं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आमाला आवतण कुणी दिलं, ते आमाला ठावं न्हाय व्हय? तूच उशिरा आलास. बस आता."

लोकांनी सरकून मला जागा दिली.