विहिरीची सोळा पानं

पुस्तकं दुरुस्त करायला ठेवलेल्या बाईनंच एक पुस्तक मोडलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. ती बाई मी. आणि मला त्याचा काडीइतका पस्तावा नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. टीव्ही अजून घरोघरी यायचा होता, त्यामुळे धंतोलीतल्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी चपला काढायला जागा नसायची. चारी बाजूंना दवाखाने. पेशंटसोबत आलेली गावोगावची माणसं पलंगाशी बसून कंटाळली की आमच्याकडे यायची. मी तेव्हा पंचवीसची, लग्नाला साफ नकार देऊन बसलेली. घरच्यांनी माझा नाद सोडला होता. काम काय, तर पुस्तकं देणं-घेणं आणि खिळखिळी झालेली शिवून काढणं. खळ, दाभण, जाड दोरा असा माझा संसार. पुठ्ठा पातळ यायचा, म्हणून त्यात रद्दीचे कागद एकावर एक चिकटवून आम्ही तो जाड करायचो.

ती शेजारच्या दवाखान्यात नर्स होती, मौद्याकडची. पहिल्याच दिवशी काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "एखादं जाडंजुडं पुस्तक दे वं. होस्टेलात लय बोर होते."

मग ती रोजच यायला लागली. ती आली की माझं रजिस्टर हमखास चुकायचं, एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर. प्रेम होतं ते, दुसरं काय! मला माझं कळत होतं. तिचं कळत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती. एरवी मी अशी तोंडाळ, की उशिरा पुस्तक आणणारे वकीलसुद्धा मला वचकून असायचे. तिच्यापुढे मात्र माझी दातखीळ बसायची.

तोंडानं जमेना, म्हणून मी एक कादंबरी पुढे सरकवली. एका खोलीत राहणाऱ्या दोन शिक्षिका, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या. एकीच्या ओल्या केसांना दुसरी पंचा गुंडाळते, तेवढं पान मी उभ्याउभ्या चारदा वाचलं होतं. छापलेल्या पुस्तकात माझ्यासारखी बाई! मी इतकी हरखले, की अर्ध्यातच पुस्तक तिला देऊन टाकलं. शेवट वाचायचाच राहिला.

आठवड्यानं ती पुस्तक घेऊन आली. शिवण उसवून पानं लोंबत होती.

"शिवून दे. अन् ऐक, रविवारी मले पाहायले येऊन राहिले. बाबानं सगळं ठरवून टाकलं."

मी लोंबणारी पानं उगाच सारखी करत राहिले.

"या पुस्तकातल्या दोघी शेवटपर्यंत सोबत राहतात का वं?"

"राहतात तर! न राहायला काय झालं?"

"पाहा बरं. राहत असतील तर मीही घरी नाही म्हणून टाकीन. शनिवारी गावाकडे जायच्या आधी पुस्तक नेईन."

ती गेली आणि मी घाईघाईनं शेवट काढला. अगं आई गं! एक विहिरीत उडी घेते, दुसरीला वेड लागतं. माझा असा संताप झाला! अशा बायका ज्या कुठल्या पुस्तकात भेटल्या, तिथं हेच. विहीर, वेड, नाहीतर मुकाट्यानं बोहल्यावर चढणं. लेखकाला दोघींना एका ताटात जेवू घालता येतं, मग आणखी वीस वर्षं जगू द्यायला काय धाड भरली होती?

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी शिवलेलं असतं. ती विहीर नेमकी शेवटच्या घडीत होती. त्याआधीच्या घडीत दोघी अंगणात पापड वाळत घालतात आणि कावळ्याला हाकलताना हसत सुटतात. खाली दीड ओळ उरत होती, "दुसऱ्या दिवशी" वगैरे. मी ती सोळा पानं बाजूला काढली, बाकीचं पक्कं शिवलं, आणि त्या दीड ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. आता कादंबरी हसण्यावर संपत होती. उरलेली पानं मागच्या पुठ्ठ्यात भरली आणि वरून खळ थापली. ग्रंथपाल काकांनी पुस्तक हातात घेऊन फिरवलं. "वा, मजबूत झालं," म्हणाले.

शनिवारी ती पुस्तक घेऊन गेली. रविवारी मला जेवण गेलं नाही. लेखकाची विहीर बुजवली खरी, पण खोटं बोलून एका मुलीला बापासमोर उभं केलं होतं मी.

सोमवारी ती दारात दिसली. ड्युटीचे पांढरे कपडे, डोळे सुजलेले, आणि हसू मावत नव्हतं.

"नाही म्हणून टाकलं बाप्पा!"

"अन् बाबा?"

"बोलून नाही राहिले. बोलतील." तिनं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर टकटक केलं. "लय जाड केलास वं हा. विहीर यातच बुजवली काय?"

माझे कान तापले. "तुले... तुले कसं माहीत?"

"मले सवय आहे, शेवटचं पान पहिले पाहायची. पहिल्यांदा नेलं त्याच दिवशी पाहिलं होतं."

"मग मले काहून विचारलंस, सोबत राहतात का म्हणून?"

ती इकडेतिकडे बघून पुढे वाकली.

"त्यांचं कुठं विचारलं येडे? आपलं विचारलं."

मागे रांगेत माणसं खोळंबली होती. मी उठले, आतल्या खोलीत गेले, आणि खळीच्या डब्याशी बसून पोटभर रडले. बाहेर ती सगळ्यांना सांगत होती, "थांबा जरा, बाई येऊनच राहिल्या," आणि माझ्या खुर्चीवर बसून माझ्या रजिस्टरात नावं लिहीत होती.