एकवीस शुक्रवारांची साक्ष

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, वडगावात यंत्रमाग दुरुस्त करायचे. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून घरोघरी जायचे. लोक त्यांना जॉबर म्हणायचे. त्यांचं सगळं कसब कानात होतं. गल्लीतून जाताना एखाद्या घरातली खडखड ऐकून सायकल थांबवायचे आणि दारातूनच सांगायचे, "आप्पा, डावीकडं काय तरी सैल झालंय बघा. आज न्हाय तर उद्या बंद पडंल." आणि तसंच व्हायचं.

मला त्याचं कौतुक नव्हतं. मी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची, आणि मशीनवर मान घालून एकच विचार करायची. चर्चमध्ये माझ्या बरोबरीच्या बायकांचे नवरे शाळेत, दवाखान्यात, बँकेत होते. आमच्या मालकांच्या नखांतलं तेल रविवारच्या पांढऱ्या शर्टावरही उठून दिसायचं. माहेरी लहानपणापासून ऐकलं होतं, देव बाप आहे, बापाजवळ मागायला लाजायचं नसतं. मग मी मागितलं. एकवीस शुक्रवार उपास धरला आणि जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात त्यांना कायमची नोकरी मागितली. विसावा शुक्रवार झाला आणि बोलावणं आलं. एकविसावा उपास मी आभाराचा केला.

त्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. मी बोलले. पुढच्या महिन्यात एका घरसभेत पुन्हा बोलले. मग खासबागेत, मग निपाणीला बायकांच्या मेळाव्यात. पाळकसाहेब म्हणायचे, "आक्का, तुमची साक्ष ऐकून माणसांचा विश्वास वाढतो." मलाही ते आवडायला लागलं. कुठं थांबलं की लोक 'हालेलुया' म्हणणार, ते मला पाठ झालं. विसाव्या शुक्रवारचा पोस्टमन मी असा रंगवून सांगायची, की एकदा माझ्या शेजारणीनं विचारलं, "अगं, निरोप फोनवर आलता न्हवं?" मी हसून विषय बदलला.

कारखान्यात लोखंडाचं ओतकाम होतं. साच्यातून निघालेल्या भागांच्या कडा घासून साफ करायच्या, हे मालकांचं काम. दिवसभर कर्कश आवाज. कानांवर घालायला काहीतरी दिलं होतं, पण ते घातलं की मागून येणारी गाडी कळत नाही, म्हणून ते काढून ठेवायचे. पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवलं नाही. मग घरात टीव्हीचा आवाज वाढला. मग मी चहाला हाक मारली की ते 'काय?' म्हणायचे. मग 'काय?' म्हणणंही बंद झालं. एका रविवारी प्रार्थनेला सगळे उठून उभे राहिले आणि हे एकटेच बसून राहिले. मी कोपरानं ढोसलं तेव्हा दचकून उठले. त्यांच्या चेहऱ्यावरची ती शरम मी पाहिली आणि डोळे मिटून घेतले, जणू मी प्रार्थनाच करत होते.

त्याच दुपारी जेवताना ते म्हणाले, "मी सोडतो ते काम."

"देवानं दिल्यालं सोडायचं?" मी मोठ्यानं विचारलं. मोठ्यानंच बोलावं लागायचं.

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "देवानं दिलं, व्हय. पर मागताना मला इचारलंतंस?"

मी आमटी वाढली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि सोमवारी डबा घेऊन गेले.

त्यानंतर आठ-नऊ महिने ते कामावर जात राहिले आणि मी त्यांना जाऊ दिलं. घर कसं चालायचं ही भीती होती, पण ती दुय्यम होती. माझ्या पिकोवर आणि त्यांच्या जुन्या कामावर आम्ही पूर्वी जगलोच होतो. खरी भीती वेगळी होती. त्यांनी नोकरी सोडली, तर चर्चमध्ये मी काय सांगणार? मालकांचे कान की माझी साक्ष, असा प्रश्न होता आणि मी साक्ष राखली. रोज गुडघे टेकायची, पण शब्द फुटायचे नाहीत. त्यांना त्या कामातून सोडव म्हणावं, तर माझंच मागणं खोटं ठरतं. कान बरे कर म्हणावं, तर ते उद्या पुन्हा त्याच आवाजात जाणार. ज्या दारातून मी आनंदानं आत शिरले होते, ते आतून उघडतच नव्हतं. आणि ते दार मीच लावून घेतलं होतं.

शहापूरची एक तरुण सून आमच्या स्त्रियांच्या सभेला यायची. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि सासरी तिचं जिणं अवघड झालं होतं. माझी साक्ष ऐकून तिनं मला गाठलं होतं. "आक्का, उपास नेमका कसा धरलासा? पाणी चालतं?" मी सगळं सांगितलं होतं आणि तिनं वहीत लिहून घेतलं होतं. एका दुपारी ती माझ्या दारात आली. चेहरा वाळलेला. पिकोच्या मशीनजवळ खाली बसली आणि म्हणाली, "एकवीस झाले, आक्का. वर आणि सात केले. माझ्यातच काय तरी खोट असंल. तुमी सांगा, काय हाय?"

तिचा हात बर्फासारखा गार होता. मी म्हटलं, "तुझ्यात काही न्हाय गं." ते तिला पटलं नाही. का पटावं? मीच तर तिला हिशेब शिकवला होता, इतके उपास आणि इतकी कृपा. तिला आधी गरम भात वाढला. ती जेवत असताना आमचे मालक पाळीवरून आले. तिनं नमस्कार केला, त्यांना ऐकू आला नाही, ते तसेच मोरीकडे गेले. ती माझ्याकडे बघत राहिली. "ह्येंना ऐकू येत न्हाय?" मी पहिल्यांदा कुणाजवळ तरी 'नाही' म्हटलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि उरलेली गोष्ट सांगितली. कानांची, पोस्टमनच्या थापेची, आणि मी मालकांना विचारलं नव्हतं त्याची. एकही 'हालेलुया' आला नाही. कोणीतरी खोकलं. पेटीवाल्यानं घाईनं गीत सुरू केलं. मालकांना काही कळलं नव्हतं. ते शेजारी बसून माझ्या ओठांकडे बघत होते.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. मला वाटलं रागावतील. चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आक्का, चूक माझीबी हाय. बाकीच्यांच्या प्रार्थनांचं काय झालं, हे मला सांगता येत न्हवतं. म्हणून मी तुम्हालाच उभं करत गेलो." त्यानंतर मला साक्षीला कुणी बोलावलं नाही. काही बायका बोलेनाशा झाल्या.

मालकांनी महिन्याभरात नोकरी सोडली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. ते पुन्हा वडगावात पिशवी घेऊन फिरतात, पण आता मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवून थरथर ओळखायचा प्रयत्न करतात. कधी बरोबर येतं, कधी चुकतं. चुकलं की लोक दुसऱ्याला बोलावतात. शहापूरची ती सून सभेला येत नाही. मी पंधरवड्यातून एकदा तिच्याकडे जाते. आम्ही बसतो, चहा पितो. उपासाचं ती काढत नाही, मीही नाही.

परवा मी गुडघे टेकण्याआधी मालकांच्या समोर बसून विचारलं, "काय मागू?" शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.

त्यांनी विचार केला. "कोपऱ्यावरच्या आप्पांचा माग चार दिस झालं बंद हाय. काय झालंय मला उमजंना. तेवढं माग."

मी तेवढंच मागितलं. दुसऱ्या दिवशीही माग चालू झाला नाही.