नजरचुकीने राहिलेले नाव

युसूफ वडगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत निवृत्ती सर बावीस वर्षं पोरींना खो-खो शिकवत आले. मैदान म्हणजे बाभळीचे काटे वेचून मोकळी केलेली जागा. खांब लिंबाचे, सरांनीच तासलेले. दसरा झाला की निम्म्या पोरी आईबापांबरोबर ऊसतोडीला जात, पण सर एकीचंही नाव हजेरीतून काढत नसत. नाव गेलं की पोरगी शाळेतून कायमची तुटते, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिकडं गेलेल्या पोरींचीही हजेरी ते बिनदिक्कत मांडायचे.

यंदा पावसामुळं तालुक्याचे सामने दसऱ्यानंतर झाले. आम्रपाली, नववीतली सगळ्यात चपळ पोरगी, आठ दिवसांपूर्वीच कारखान्याला गेली, असं सर समजून होते. केजच्या मैदानावर फायनलला समोरचा संघ उतरला, तर त्यात आम्रपाली! अंगात सुंदररावांच्या इंग्लिश स्कूलची निळी जर्सी, पायात नवे बूट.

सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या संस्थाचालकाकडं वसतिगृह, गवताचं मैदान, पुण्याहून आणलेला कोच, आणि खेळाडू मात्र दुसऱ्याच्या रानातून उपटून आणायचा! दरवर्षीचाच हा धंदा, पण टीसीसुद्धा न मागण्याइतका निर्लज्जपणा पहिल्यांदाच.

"कावून गं? तू तर ऊसाला गेलतीस ना?" सरांनी तिला गाठून विचारलं.

"माय म्हनली, तिथं हास्टेल हाय, दोन टायमाचं जेवन हाय. निस्तं खेळायचं," आम्रपाली खाली बघत म्हणाली.

तिच्या आईला, साखराबाईला, काय बोलणार? कारखान्याच्या तळावर, कोपीच्या झोपडीत पाचटावर निजण्यापेक्षा पोरगी तिथं बरी. सरांनी सुंदररावांविरुद्ध तिथल्या तिथं लेखी हरकत घेतली. पंचप्रमुख बद्रीनाथ यांनी दोन्ही शाळांची हजेरीपत्रकं समोर घेतली. सुंदररावांच्या हजेरीत आम्रपाली जूनपासून हजर. धडधडीत खोटं. पण सरांच्या हजेरीतही ती कालपर्यंत हजर.

सुंदरराव खदखदून हसले. "काल पोरगी आमच्या हास्टेलात व्हती, मास्तर. मंग तुमच्याकडं कोन हजर व्हतं?"

चोराच्या उलट्या बोंबा, पण खोटी हजेरी सरांचीही होतीच. बद्रीनाथांनी नियम वाचला. दोन शाळांत नाव सापडलं तर खेळाडूला दोन वर्षं बंदी. आणि शाळेला? शाळेला समज. राखीव पोरगी उतरवून शाळा खेळायला मोकळी. म्हणजे लबाडी करणार सुंदरराव आणि भोगणार आम्रपाली. सरांना त्या नियमाची, त्या टेबलाची, तिथं चहा पिणाऱ्या सगळ्यांची शिसारी आली.

आम्रपाली जवळ येऊन उभी राहिली. "सर, बंदी आली तर हास्टेलातून काडतेल का वो?"

"काढतील," सर म्हणाले.

"मंग मला ऊसालाच जावं लागंल."

सरांनी कोरा कागद मागितला. 'सदर विद्यार्थिनी जूनमध्येच शाळा सोडून गेली. तिचे नाव आमच्या हजेरीत माझ्या नजरचुकीने राहिले. हरकत मागे घेत आहे.' खाली सही ठोकली. या कागदावर उद्या चौकशी लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सामना झाला. सरांच्या पोरी दोन गुणांनी हरल्या. शेवटच्या दोघींना आम्रपालीनंच टिपलं, खांबाला हात घालून जमिनीलगत वळत, सरांनी शिकवलं होतं अगदी तसं. तिनं सरांकडं पाहिलंही नाही, आणि सरांच्या पोरी तिच्याकडं बघून रडत होत्या.

बक्षीस समारंभात सुंदररावांनी माईक हातात घेतला. "आपली चूक कबूल करायला बी दिल लागतं! निवृत्ती मास्तरांची खिलाडूवृत्ती बगा!" टाळ्या पडल्या. सुंदरराव शाल घेऊन पुढं आले.

सर त्यांच्या पांढऱ्या बुटांपाशी पचकन थुंकले आणि पोरींना जीपमध्ये बसवायला निघून गेले.