गाडीच्या पंख्याची उलटी हवा

आमचे हे मला विसरले, पण गाडी विसरले नाहीत. आयुष्यभर यांनी ती भाड्याने चालवली. आता ती अंगणातच असते. सकाळी चाकांना दगड लावून मी ती चालू करून देते. हे स्टिअरिंगवर बसतात आणि तेवढा वेळ पहिल्यासारखे दिसतात. त्यात कधीतरी माझ्याकडेही ओळखीने पाहतील, अशी मला आशा होती.

उन्हाळ्यात रेडिएटरचा पंखा बंद पडला. उभ्या गाडीला पंखा नसला तर पाणी उकळतं, म्हणून गाडी बंद ठेवावी लागली. हे अंगणभर फिरत आणि रडत. मेकॅनिक म्हणाला, मोटर जळाली, पंखाच बदला.

जुना पंखा पिशवीत घालून मी एसटीने कारंजाला गेले. दुकानात बोलायची मला फार लाज वाटते. दुकानदाराने एक मोठा पंखा पुढे ठेवला.

"हा न्या मावशी, हवा जास्त फेकते."

मी जुना पंखा त्यावर ठेवून पाहिला. नवा चारी बाजूंनी बाहेर आला.

"हा तं बसतच नाही, भाऊ."

"मेकॅनिक बसवते ना कापून-कुपून. गाडी कोन चालवते, तुमी?" तो हसला.

मी जागची हलले नाही. शेवटी त्याने माळ्यावरून त्याच मापाचा, दुसऱ्या गाडीतून काढलेला पंखा आणला. मी बॅटरीला लावून दाखवायला सांगितलं. खरखर नव्हती. प्लग मात्र वेगळा होता, वायरी हाताने जोडाव्या लागणार होत्या.

मेकॅनिकने तो बसवला. पंखा फिरू लागला, तरी गरमीचा काटा चढतच राहिला. तेवढ्यात हे खाटेवरून उठले, घरात साठवलेल्या कापसातला एक पुंजका आणला आणि गाडीपुढे जाळीजवळ धरला. पंखा हवा आत ओढत असेल तर कापूस चिकटायला हवा. तो उडून यांच्या छातीवर आला.

"उलटा फिरून राह्यला बे," हे म्हणाले. "वायरी पलटव."

"काकाले तं सारं याद हाये!" मेकॅनिक म्हणाला. त्याने वायरी पलटवल्या. या वेळी कापूस जाळीला चिकटून राहिला. हळूहळू काटा खाली आला.

हे हसले. मी जवळ गेले. यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"बाई, आमच्या घरची दिसली तं सांगजा, गाडी दुरुस्त झाली. तिले लय काळजी होती."

"सांगीन," मी म्हटलं.

आता मी दर आठवड्याला जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढते, वायरींचे जोड पाहते. इंजिन गरम असलं की बंद गाडीतही पंखा अचानक फिरतो, म्हणून आधी बॅटरीची वायर काढते. काल हे खाटेवरून पाहत होते.

"सांगतलं का तिले?"

"सांगतलं."

"काय म्हने?"

"खुश झाली."

यांनी रस्त्याकडे पाहिलं. "मंग येत काहून नाही?"

मी वाकून बॅटरीची वायर पुन्हा जोडली, म्हणजे यांना गाडीत बसता येईल.