गुरुजींची सूची

टावर चौकातल्या दुकानदाराने तो फोन वर्षभर काचेआड ठेवला होता. स्वस्त होता, बॅटरी टिकायची, पण कुणी हात लावेना, कारण त्यात उपयोगाचं एकही ॲप नव्हतं. फोनची प्रणाली कंपनीची स्वतःची. तिच्यावर ॲप बनवायचं तर कंपनीचंच साधन घ्या, आणि ते माझ्यासारख्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईच्या जुन्या मशीनवर उघडायचंसुद्धा नाही. मग बाहेरच्या दोन माणसांनी एक हलकं, फुकट साधन काढलं. त्यावर आम्ही हौशी लोकांनी पंचांग, बसचं वेळापत्रक, असलं काय काय बनवलं. दुकानदार गिऱ्हाइकाला फोन नव्हे, आमची ॲपं दाखवायचा. फोन खपायला लागले. श्रेय अर्थात कंपनीने घेतलं.

मी ॲप बनवलं ते आमच्या गुरुजींसाठी. क्षिप्रेकाठी रामघाटावर त्यांची तीर्थपुरोहिताची गादी आहे. यजमानांच्या वंशावळी लिहिलेल्या त्यांच्या वह्यांनी दोन कपाटं भरली आहेत. कुठलं गाव कुठल्या वहीत, हे सांगणारी जुनी सूची पार फाटली होती. यजमानांची नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत हा त्यांचा नेम, म्हणून सगळं त्यांच्याच फोनमध्ये ठेवलं, दुसरी प्रत नाही. आठ महिने ते स्वतः एकेक गाव टाइप करत होते. काम संपल्यावर त्यांनी जुनी सूची लाल कपड्यात बांधली, हळदकुंकू वाहिलं. देवाचं नाव असलेला कागद रद्दीत कोण टाकतं?

"फोनमध्ये सब आ गया ना बेटा, आता हे सांभाळून काय करायचं?" म्हणाले, आणि ती क्षिप्रेत सोडली. मी शहाणी शेजारी हात जोडून उभी!

फोन खपू लागल्यावर कंपनीला बाहेरचं साधन खुपायला लागलं. एका अपडेटने त्यावर बनलेली सगळी ॲपं बंद. पडद्यावर काय, तर ‘तुमचा फोन आता अधिक सुरक्षित आहे.’ कुणापासून? गुरुजींपासून? गरज सरो, वैद्य मरो! मी पत्रांवर पत्रं लिहिली. ‘आमच्या साधनात पुन्हा बनवा,’ एवढंच उत्तर. आतली माहिती बाहेर काढायची सोयही ठेवली नव्हती. आता तो दुकानदार हे फोन फुकट दिले तरी ठेवत नाही. मला त्याचा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

परवा घाटावर गेले, तर धारजवळच्या एका गावातलं कुटुंब आजोबांच्या अस्थी घेऊन बसलं होतं. गुरुजींनी वह्यांचं तिसरं गाठोडं सोडलं होतं.

"गुरुजी, बस का टाइम हो रहा है," मुलगा म्हणाला.

"नाम है आपका, हमारे यहाँ ही है," गुरुजी पुन्हा पुन्हा सांगत होते. "बस, मिल नहीं रहा."

ती माणसं नमस्कार करून उठली आणि शेजारच्या गादीवर गेली. तिथे एका कोऱ्या पानावर त्या आजोबांचं नाव लिहिलं गेलं, घराण्यातला पहिला पुरुष म्हणून.